ट्रायल टॅली झालंय, पण ॲडमिशन मिळेल का? सीएंच्या एमबीए चान्सेसबद्दल

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. आमच्या जुन्या फर्ममध्ये आर्टिकल म्हणून, म्हणजे सीए होताना करायच्या उमेदवारीला, आलेला पोरगा, आता पुण्यात बिग फोरमध्ये (चार बड्या ऑडिट कंपन्यांपैकी एकीत) ऑडिटला आहे. मेसेज असा: "दादा, सीए फर्स्ट अटेम्प्ट, बीकॉम 71 टक्के, तीन वर्षं ऑडिट, जीमॅट 675. हार्वर्ड, व्हार्टन, आयएसबी. चान्सेस किती?" बस. खाली हात जोडलेला इमोजी. (जीमॅट म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा; हार्वर्ड, व्हार्टन अमेरिकेतली बिझनेस स्कूल्स, आयएसबी आपल्याकडचं.)

आता समजा हाच पोरगा क्लायंटकडे गेला आणि क्लायंटने ट्रायल बॅलन्सचं (सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमांची यादी) एक पान पुढे सरकवून विचारलं, "साहेब, कंपनी बरी चाललीय ना आमची?" तर हा कसा बघेल त्याच्याकडे? ट्रायल टॅली झालं म्हणजे डेबिट आणि क्रेडिट जुळले, एवढंच. खर्च चुकीच्या हेडला टाकला तरी ट्रायल टॅली होतं, एक बिल दोनदा बुक केलं तरी होतं, आणि एखादी एंट्री मुळात केलीच नसेल तरी होतंच की. ही गोष्ट आपण आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात शिकतो आणि स्वतःच्या प्रोफाइलची वेळ आली की सोयीस्कर विसरतो.

तरी आधी त्याला हवे होते तसे ढोबळ आकडे बघू. हार्वर्डला एमबीएच्या एका बॅचला साधारण 930 जागा, आणि अर्ज येतात वर्षाला 8 ते 10 हजार. स्टॅनफर्डला जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून तिथला दर अजून वाईट. आयएसबी हैदराबाद आणि मोहाली मिळून जागा भरपूर, कोर्स एका वर्षाचा, आणि सीए तिथे ढिगाने असतात, म्हणजे आपण तिथे कोणी परग्रहावरून आलेले नसतो.

पण "शंभरात दहा" हा दर तुमचा नसतो, तो सगळ्यांचा मिळून असतो. कॉलेज मार्कांची उतरती यादी लावून वरचे 930 उचलत नाही, ते बॅच बांधतात. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकाची भरती आठवा. ढोलाला शंभर पोरं येतात, ताशा खरोखर वाजवता येणारे पाच. पथकाला दोन्ही पाहिजेत. त्यामुळे ढोलवाल्याची स्पर्धा ताशावाल्याशी नसतेच, ती इतर नव्व्याण्णव ढोलवाल्यांशी असते. तुम्ही भारतीय, कॉमर्सवाले, ऑडिटमधले, वय सव्वीस, म्हणजे तुम्ही ढोलाच्या रांगेत आहात (आपल्यापेक्षा लांब रांग फक्त आयटीतल्या इंजिनिअर पोरांची, तेवढंच समाधान). त्यामुळे प्रश्न "सीएला ॲडमिशन मिळते का" हा नाहीच आहे. मिळते. नैना लाल किडवाई सीए होऊन हार्वर्डला गेल्या आणि 1982 मध्ये तिथून एमबीए झाल्या, तिथून पास झालेली पहिली भारतीय स्त्री. कुमार मंगलम बिर्लाही सीए, मग लंडन बिझनेस स्कूलचे एमबीए. अर्थात बिर्लांच्या अर्जावरून आपण आपले चान्सेस काढायला गेलो तर ते जरा जास्तच आशावादी प्रोजेक्शन होईल. खरा प्रश्न हा, की या रांगेतल्या बाकी सीएंपेक्षा तुमच्यात वेगळं काय आहे जे कागदावर दिसतंय.

आता सीए या दोन अक्षरांनी नेमकं काय सिद्ध होतं ते बघा. एक, तुम्हाला आकडे झेपतात. दोन, तुम्ही चिवट आहात. 2024 च्या मे मध्ये फायनलच्या पेपरांचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के पास झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरला तर 13 टक्क्यांच्या आसपासच. परदेशी पदव्यांची पातळी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नॅरिक या संस्थेने 2021 मध्ये आपलं सीए फायनल तिथल्या मास्टर्सच्या पातळीचं धरलं, यूजीसीनेही त्याच वर्षी सीएला पोस्ट ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं मानलं. म्हणजे अभ्यास झेपेल का ही शंका ॲडमिशन कमिटीच्या मनात जवळजवळ उरतच नाही. आणि इथेच आपले लोक घोळ घालतात: जे आधीच सिद्ध झालंय तेच पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसतात. निबंधात सीए किती कठीण, रात्री किती जागलो, आई चहा घेऊन यायची, हे सगळं. अहो, ते त्यांनी वाचलंय, मागच्या अर्जात, त्याच्या मागच्याही.

मार्कांचं मात्र एक समजावून सांगावं लागतं. फायनलला 54 टक्के पडले तर आपल्याकडे पेढे वाटतात. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 50 टक्के मिळाले की पास, आणि तेवढ्यावर बहुतेकांची दमछाक होते. बाहेरच्या माणसाला 54 म्हणजे काठावर पास वाटतं. मोठ्या कॉलेजांमध्ये भारतातले अर्ज वाचणारे अनुभवी लोक असतात, त्यांना हे माहीत असतं, तरी अर्जात जास्तीच्या माहितीची जी जागा असते तिथे दोन ओळी टाकाव्यात: त्या अटेम्प्टचा निकाल किती टक्के लागला, आणि बीकॉम करताना तुम्ही पूर्णवेळ आर्टिकलशिपला होतात. दोनच ओळी, गाऱ्हाणं नको. तीन वर्षांच्या बीकॉमची भीतीही उगाच घेऊ नका, हार्वर्ड आणि व्हार्टनसकट बऱ्याच ठिकाणी आपली तीन वर्षांची डिग्री चालते, पण सगळीकडे चालतेच असं नाही, म्हणून फी भरण्याआधी त्या कॉलेजचा नियम वाचा.

आणि अटेम्प्ट लागले असतील तर? परदेशात कोणी "कितवा अटेम्प्ट" विचारत नाही, पण रेझ्युमेवर दीड वर्षाचं भोक दिसतंच. ते आपण सस्पेन्स अकाउंटला (न जुळणाऱ्या रकमा तात्पुरत्या ठेवायचं खातं) टाकून ठेवतो, कोणी विचारू नये म्हणून. ऑडिटर पहिलं तेच लेजर उघडतो हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहितीये? एका वाक्यात सरळ लिहून टाका, क्लियर होऊन जातं.

आता मुख्य मुद्दा, काम. ऑडिटच्या भाषेचा एक दोष असा की त्यात माणूसच नसतो. "प्रक्रिया पार पाडण्यात आल्या", "नमुना तपासण्यात आला", "मॅनेजमेंटला कळवण्यात आलं". कोणी केलं? कोणीच नाही, आपोआप झालं. चार-पाच वर्षं असं लिहिल्यावर स्वतःबद्दलही आपण तसंच लिहायला लागतो. त्या पोराला मी रेझ्युमे पाठवायला सांगितला. त्यात एक ओळ होती: साखर कारखान्याचं ऑडिट केलं, चार जणांची टीम सांभाळली, वेळेत पूर्ण केलं. ही ओळ महाराष्ट्रातल्या हजारभर सीएंच्या रेझ्युमेवर जशीच्या तशी चिकटवता येईल.

मी फोन लावला आणि म्हटलं, त्या कारखान्यात झालं काय ते सांग. आधी म्हणे विशेष काही नाही. मग दहा मिनिटांनी सुरू झाला. 31 मार्च, गोडाऊनमध्ये स्टॉक मोजायचा. साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती, गुणाकार केला की पोती आली. गोडाऊन कीपर वही घेऊन उभा, सगळं जुळतंय, बाहेर जेवणाची व्यवस्था झालेली, सीनियर म्हणतो चला उरका. याला एका थप्पीपाशी वाटलं की भिंतीकडची बाजू दिसतच नाहीये. हा चपला काढून चढला वर. वर गेल्यावर दिसलं की थप्पी मधून पोकळ आहे, बाहेरची भिंत पोत्यांची आणि आत विहीर. चारशेच्या आसपास पोती कमी. हिशेब करा, 50 किलोचं पोतं, किलोला 31 रुपये या सरकारी किमान दरानं धरलं तरी 6 लाख 20 हजार झाले. रक्कम कारखान्याच्या मानाने किरकोळ, ऑडिटच्या भाषेत मटेरियल, म्हणजे दखल घेण्याइतकी मोठी, नाहीच म्हणायला हरकत नाही. पण तीच साखर बँकेकडे माल तारण म्हणून होती, तिच्यावर कर्ज उचललेलं. मग एका थप्पीत विहीर असेल तर बाकीच्यांत नसेल कशावरून?

सीनियर म्हणाला रक्कम छोटी आहे, सोड. याने सोडलं नाही, त्या संध्याकाळी आणखी सहा थप्प्या बघितल्या (बाकी ठीक निघाल्या), आणि पुढच्या वर्षी त्यांच्या फर्मच्या सगळ्या गोडाऊन मोजणीच्या चेकलिस्टमध्ये "थप्पीवर चढून वरून बघणे" ही ओळ आली. ती ओळ याने लिहिली होती. आणि हे रेझ्युमेत नव्हतं! मी विचारलं का नाही टाकलंस, तर म्हणतो, "दादा, त्यात काय एवढं, चपला काढून चढलो फक्त."

पण अर्ज वाचणाऱ्याला नेमकं हेच पाहिजे असतं. हार्वर्डने 2024 पासून एका मोठ्या निबंधाऐवजी तीन छोटे केलेत: तुमच्या निवडींमागे बिझनेसचा विचार कसा आला, तुम्ही लोकांना पुढे कसं नेलंत, आणि तुमचं कुतूहल तुम्हाला कुठे घेऊन गेलं. शब्द अडीचशे-तीनशे, म्हणजे पाल्हाळाला जागाच नाही. थप्पीची गोष्ट त्यातल्या तिसऱ्यात सरळ बसते, आणि सीनियरशी न भांडता त्याला कसं वळवलं हे आठवलं तर दुसऱ्यातही. तुमच्याकडे थप्पी नसेल, पण काहीतरी असेल. जीएसटीचा इनपुट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जुळवताना सापडलेला घोळ घालणारा सप्लायर असेल, क्लायंटच्या अकाउंटंटला एक्सेल शिकवून महिन्याचं क्लोजिंग बारा दिवसांवरून पाचवर आणलेलं असेल. मी तर म्हणेन की सांगली-सोलापूरकडच्या वडिलांच्या किंवा काकांच्या छोट्या फर्ममध्ये चार वर्षं काढलेल्या सीएकडे अशा गोष्टी बिग फोरवाल्यापेक्षा जास्त असतात. तिथे तुम्हीच ऑडिटर, तुम्हीच टॅक्सवाले, बँकेच्या मॅनेजरसमोर सीएमए डेटा (कर्जासाठी द्यायचे आकडे आणि अंदाज) घेऊन बसणारेही तुम्हीच, आणि भावा-भावांच्या वाटणीत मध्यस्थही. पण ही मंडळी बिचारी फर्मचं नाव मोठं नाही म्हणून अर्जच करत नाहीत, किंवा केला तर लाजत लाजत. मोठ्या नावाचा फायदा आहेच, खोटं कशाला बोलू, पण त्याच नावाचे दोनशे अर्ज पडलेले असतात हेही तितकंच खरं.

मग शिफारसपत्रं. इथे माझंच उदाहरण देतो. मी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा आमच्या तेव्हाच्या पार्टनर साहेबांकडे गेलो, तर साहेब म्हणाले, "तूच लिहून आण रे, मी बघतो आणि टाकून देतो." मला वाटलं वा, काम झालं. मी लिहिलं, आणि स्वतःचं कौतुक स्वतः करायची लाज वाटून "मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का" असं लिहिलं. कोणत्याही वॉचमनला देता येईल असं सर्टिफिकेट. एक तर हे नियमात बसत नाही, शिफारस करणाऱ्यानेच लिहायची असते, आणि वरून ते इतकं सपक होतं की त्या वर्षी सगळीकडून नकार आला. नकाराला कारणं बाकीचीही होती, पण हे नक्की एक होतं. दुसऱ्या वर्षी मी पार्टनरचा नाद सोडला आणि दोन वर्षं रोज माझं काम बघणाऱ्या मॅनेजरला विचारलं, दुसरं पत्र एका क्लायंटच्या फायनान्स हेडकडून घेतलं. त्यांना लिहून काही दिलं नाही, फक्त दोघांसोबत अर्धा तास चहा घेतला आणि कोणकोणती कामं एकत्र केली त्याची आठवण करून दिली. क्लायंटचं पत्र चालतं, आणि ऑडिटरबद्दल क्लायंटने चांगलं बोलावं ही तशी दुर्मिळच गोष्ट, त्यामुळे त्याला वजन येतं.

आयआयएमचा खेळ मात्र पूर्ण वेगळा आहे, तिथे वरचं सगळं उशिरा कामाला येतं. दोन वर्षांच्या कोर्सला कॅट ही प्रवेश परीक्षा, आणि कॅटनंतर इंटरव्ह्यूचा कॉल येण्यासाठी दहावी, बारावी, ग्रॅज्युएशनचे मार्क, कामाचा अनुभव यांचं सूत्र असतं. सीए असेल तर साधी डिग्री नसली तरी कॅटला बसता येतं. पण दहावीचे मार्क आता बदलता येत नाहीत, त्यामुळे कुठल्या आयआयएमचं सूत्र आपल्याला परवडतं ते त्यांच्या ॲडमिशन पॉलिसीत बघून मगच जीव टाका. आर्टिकलशिप बहुतेक ठिकाणी अनुभवात धरत नाहीत, सीए झाल्यानंतरचे महिनेच मोजतात, आणि बरेच जण इथे फसतात. आयएसबीला दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आयआयएमच्या एक वर्षाच्या कोर्सेसना त्याहून जास्त. इंटरव्ह्यूला सीएचं सोनं होतं किंवा माती: समोर सीए बसलाय म्हटल्यावर पॅनेल थेट डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षांवर ढकलला जाणारा कर) विचारतं, इंड एएस 116 या अकाउंटिंगच्या नियमाने लीज, म्हणजे भाडेकरार, ताळेबंदात का आणली ते विचारतं, आणि तिथे तुम्ही अडखळलात तर सगळंच कोसळतं. इंजिनिअरला जे माफ असतं ते आपल्याला नसतं. मुंबईत जमनालाल बजाज या मॅनेजमेंट कॉलेजचं वेगळं, तिथे महाराष्ट्राच्या सीईटीच्या मार्कांवर सरळ खेळ, फी त्या मानाने कमी, आणि तिथल्या फायनान्सच्या नावावर आजही नोकऱ्या मिळतात. परदेशाच्या नादात आपल्या घराजवळचं हे लोक विसरतात.

सगळीकडे एक प्रश्न मात्र येतोच: सीए झालास, आता एमबीए कशाला? याला "बिझनेसचा सर्वांगीण दृष्टिकोन मिळावा म्हणून" असं उत्तर देणाऱ्यांना मी दंड लावला असता. नेमकं सांगा. माझा ज्युनियर पहिल्यांदा म्हणाला फायनान्समध्ये जायचंय. अरे, तू फायनान्समध्येच आहेस! मग हळूहळू निघालं की त्याला शेतमालाच्या गोदामांवर कर्ज देण्याच्या धंद्यात पडायचंय, कारण थप्पीच्या त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात आहे की शेतकऱ्याचा माल गोडाऊनमध्ये आहे की नाही हे बँकेला खात्रीने कळलं तर कर्ज स्वस्त होईल. त्याला तपासणी येते, धंदा उभा करणं येत नाही, विक्री येत नाही, माणसं जमवणं येत नाही. हे झालं उत्तर. ऑडिटर झालेलं काम तपासतो, याला आता काम करायचंय.

जीमॅटचं थोडक्यात. नवीन परीक्षा सव्वादोन तासांची, 64 प्रश्न, स्कोअर 205 ते 805. जुन्या 700 च्या जागी आता 645 च्या आसपासचा आकडा, त्यामुळे 675 बघून घाबरायचं नाही, तो जुन्या मापात 720-730 कडे जातो. हार्वर्डचा मधला आकडा जुन्या मापात 730-740 असतो, म्हणजे हा जरा खाली, आणि ढोलाच्या रांगेत जरा खाली असणं परवडत नाही. डेटा इनसाइट्स सेक्शन आपल्यासाठीच बनवलाय असं वाटतं, टेबल वाच, तफावत शोध. पण क्वांटला कॅल्क्युलेटर नाही. बारा आकडी कॅसिओवर न बघता बोटं चालवणारे आपण, 17 गुणिले 24 ला आपला हात आपोआप टेबलावर उजवीकडे जातो. महिनाभर कॅसिओ कपाटात ठेवा, त्याशिवाय इलाज नाही.

तर त्याला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, पहिल्या मेसेजवर: आयएसबी अर्धी-अर्धी, व्हार्टन कठीण, हार्वर्ड लॉटरी. थप्पीच्या गोष्टीनंतर आणि गोदामाच्या उत्तरानंतर: आयएसबी चांगले, व्हार्टन लढण्यासारखं, हार्वर्ड अजूनही कठीण पण आता लॉटरी नाही, आणि जीमॅट एकदा परत दे. टक्के मी सांगितले नाहीत आणि जो कोणी टक्के सांगतो त्याला फी देऊ नका. खर्चाचा विषय वेगळा आहे, अमेरिकेत दोन वर्षांचे सगळे धरून दोन लाख डॉलरच्या वर जातात, तो हिशेब घरच्यांसोबत बसून करायचा.

एक राहिलं. अमेरिकेतला अर्जांचा पहिला राउंड सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद होतो, दुसरा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आणि आपल्याकडे 30 सप्टेंबरला काय असतं ते सीएला सांगायला नको, टॅक्स ऑडिट. तुम्ही रात्री दोनला फॉर्म अपलोड करताय, पोर्टल चालत नाहीये, आणि तुमची शिफारस करणारा मॅनेजरही शेजारच्या टेबलावर त्याच अवस्थेत आहे. पहिल्या राउंडला जायचं असेल तर त्याच्यासोबतचा तो चहा जूनमध्ये घ्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विचाराल तर तो जे लिहील ते तुमच्याबद्दल नसेल, डेडलाइनबद्दल असेल. आमच्या पोराने जानेवारीचा राउंड धरलाय, आणि काल रात्री परत मेसेज आला, "दादा, कॅसिओ आईकडे दिलाय, ती परत देत नाहीये."